गाडी एक इंच खाली, हिशेब मात्र पुरा

स्पोर्ट्स कारला लोअरिंग स्प्रिंग बसवण्याचे काम हडपसरच्या गॅरेजांपर्यंत आले आहे. हे काम घ्यावे का, घेतले तर कसे करावे आणि कोणते काम सरळ नाकारावे?

पुणे-सोलापूर रस्त्यालगत ज्यांनी गॅरेजात उमेदवारी केली, त्या जुन्या मिस्त्रींचे निम्मे आयुष्य गाडी वर उचलण्यात गेले. उसाचा किंवा वाळूचा ट्रक आला की कमान उतरवायची, तुटलेला पाटा बदलायचा आणि मालकाचा आग्रह असला तर एखादा पाटा जादा घालून मागची बाजू दोन बोटे उंच करून द्यायची. आता त्याच भागात मगरपट्टा आणि अमनोराच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत आणि गिऱ्हाईक उलटी मागणी घेऊन येऊ लागले आहे. त्याला आपली गाडी खाली बसवून हवी असते. चाक आणि मडगार्ड यांतली फट बुजली पाहिजे, गाडी रस्त्याला चिकटून पळाली पाहिजे, एवढेच त्याला ठाऊक असते. स्प्रिंगचा खोका बहुधा तो स्वतःच मागवून आणतो आणि बसवायला तेवढा मिस्त्री शोधतो.

वरवर पाहता काम सोपे आहे. चार स्प्रिंगा काढायच्या, चार घालायच्या, मजुरी घ्यायची. वास्तविक गाडीचे वळणे, थांबणे आणि खड्ड्यातला धक्का सोसणे या तिन्ही गोष्टी त्या चार स्प्रिंगांशी बांधलेल्या असतात. काम चुकले तर नुकसान गिऱ्हाइकाचे होते आणि नाव जाते ते गॅरेजचे. सबब या कामामागची विद्या, कायदा आणि हिशेब तिन्ही नीट समजून घेणे आपल्या कारागिरांच्या हिताचे आहे.

गाडी खाली का बसवतात?

गाडी वेगात वळली की आतल्या चाकांवरचे काही वजन बाहेरच्या चाकांवर जाते. किती जाते, हे गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतरावर ठरते. उदाहरणादाखल १५०० किलोची गाडी घेऊ. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटर आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १५० सेंटिमीटर धरू. वळणावर बाजूचा जोर वजनाच्या निम्मा आला, तर २५० किलो वजन आतून बाहेर सरकते. हीच गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली तर सरकणारे वजन २३५ किलो होते. म्हणजे फायदा सुमारे सहा टक्क्यांचा.

फायदा खरा आहे, पण तो एवढाच आहे. नव्या स्प्रिंगवर गाडी एकदम घट्ट वाटू लागते, याचे मोठे कारण उंची नसून स्प्रिंगचा ताठपणा हे असते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितले, तर एक इंचाऐवजी दोन इंच मागण्याचा मोह त्याला होत नाही.

शिवाय फार खाली जाण्याचा उलटा परिणामही होतो. आजच्या बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. त्यात गाडी प्रमाणाबाहेर खाली आली की खालच्या आर्मचा कोन बिघडतो. ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. मग गाडी कमी कलण्याऐवजी जास्त कलू पाहते आणि ते झाकायला आणखी ताठ स्प्रिंग लागते. कारखान्यातून आलेल्या भूमितीत एक इंचाच्या आसपासचा बदल सहसा खपतो. त्यापुढे प्रत्येक मिलिमीटर महाग पडत जातो.

स्प्रिंगची विद्या

गुंडाळीच्या स्प्रिंगचा ताठपणा तीन गोष्टींवर ठरतो : तारेची जाडी, गुंडाळीचा व्यास आणि वेढ्यांची संख्या. यात जाडीचा प्रभाव सर्वांत मोठा, कारण तो चौथ्या घाताने वाढतो. तार १२ ऐवजी १३ मिलिमीटरची घेतली, तर डोळ्यांना फरक दिसणारही नाही, पण स्प्रिंग सुमारे ३८ टक्क्यांनी ताठ होते. वेढ्यांचे गणित उलटे आहे. वेढे कमी केले की ताठपणा वाढतो.

आता खाली बसवणारी स्प्रिंग कशी बनवतात ते पाहू. एका चाकावर ३५० किलो भार आहे आणि मूळ स्प्रिंग दर मिलिमीटरला अडीच किलोची आहे, असे धरू. ती १४० मिलिमीटर दबते. नवी स्प्रिंग तीन किलोची घेतली, तर ती सुमारे ११७ मिलिमीटरच दबेल. म्हणजे नुसती ताठ स्प्रिंग घातल्यास गाडी खाली येण्याऐवजी २३ मिलिमीटर वर जाईल. तिला ३० मिलिमीटर खाली आणायचे, तर नवी स्प्रिंग मोकळ्या अवस्थेत मूळ स्प्रिंगपेक्षा ५३ मिलिमीटर आखूड असली पाहिजे.

या ५३ मिलिमीटरमध्येच एक धोका लपलेला आहे. गाडी जॅकवर उचलली किंवा चाक खड्ड्यावर अधांतरी लटकले की शॉकअप पूर्ण लांब होतो. तेव्हा आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल पडता कामा नये. चांगल्या बनावटीच्या स्प्रिंगमध्ये एका टोकाला जवळजवळ वेढे ठेवतात. भाराखाली ते मिटतात आणि चाक लटकताच उघडून स्प्रिंगला बैठकीत धरून ठेवतात. बसवल्यावर चाक लटकवून स्प्रिंग हाताने फिरते का, हे पाहिल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर सोडू नये.

या धंद्यात नाव कमावलेल्या कंपन्यांमध्ये जर्मनीची आयबाख ही जुनी आहे. हाइनरिख आयबाख यांनी १९५१ मध्ये फिनेनट्रॉप गावी ती सुरू केली. स्प्रिंगची जात पोलादाच्या नावावर संपत नाही. तार गुंडाळल्यावर तिला पाणी चढवणे, पुन्हा ठरावीक उष्णतेवर उतरवणे, बारीक छऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग घट्ट करणे आणि शेवटी पूर्ण दाबून तिची उंची कायम करणे, अशा पायऱ्यांतून ती जाते. म्हणूनच ती वर्षानुवर्षे बसत नाही. नकली मालाला रंग तोच असतो, या पायऱ्या नसतात.

कापलेली स्प्रिंग

पैसे वाचवण्यासाठी काही गिऱ्हाईक मूळ स्प्रिंगचाच एक वेढा कापून मागतात. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग २० टक्क्यांनी ताठ होते आणि आखूडही होते, त्यामुळे गाडी खाली आलेली दिसते. पण कापलेल्या टोकाला बैठकीत बसणारा आकार राहत नाही. ते टोक बैठकीला खाते, आवाज करते आणि चाक लटकले तर जागा सोडते. गॅस कटरने कापल्यास नुकसान दुहेरी होते. जिथे पोलाद लाल झाले तिथे त्याला चढवलेले पाणी उतरले. तो भाग पुढे बसत जातो किंवा ठिसूळ होऊन तुटतो. नुसती आच देऊन स्प्रिंग बसवणे हा तर त्याहून वाईट प्रकार आहे, कारण डाव्या-उजव्या बाजूला सारखी आच कोणीही देऊ शकत नाही. हे काम कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नये. ज्याच्या स्प्रिंगवर आपण कटर चालवला, त्या गाडीत त्याची मुलेबाळेही बसणार आहेत.

तो इंच येतो कुठून?

गाडी ३५ मिलिमीटर खाली येते, तेव्हा ते ३५ मिलिमीटर चाकाच्या वर जाण्याच्या जागेतून कापले जातात. मूळ गाडीत चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा असली, तर आता ४५ उरली. पूर्वी ८० मध्ये जिरणारा खड्ड्याचा धक्का आता ४५ मध्ये जिरवायचा आहे. म्हणून लोअरिंग स्प्रिंग ताठच असावी लागते. नरम आणि आखूड स्प्रिंग घातली, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी रबरी बंप स्टॉपरवर आदळेल. धक्का मग स्प्रिंगने न घेता शॉकअपच्या माउंटिंगने आणि बॉडीने घेतलेला असतो.

शॉकअपचेही तसेच आहे. त्याचे काम उसळलेल्या स्प्रिंगला आवरणे हे आहे. ताठ स्प्रिंग जास्त जोराने उसळते आणि थकलेला जुना शॉकअप तिला आवरू शकत नाही. पन्नास-साठ हजार किलोमीटर पळालेल्या गाडीत नव्या स्प्रिंगा जुन्या शॉकअपवर घालणे म्हणजे नव्या बैलाला जुनी वेसण. गिऱ्हाइकाला शॉकअपचा खर्च परवडत नसेल, तर स्प्रिंगचे कामही पुढे ढकलण्यास सांगावे.

गतिरोधकाचे गणित

हडपसरच्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो : गाडी ब्रेकरवर घासेल का? याचे उत्तर मोजून देता येते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक नियमांनुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलाकार असावा. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने वाहन त्यावरून जावे, अशी ती रचना आहे. पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर असलेली गाडी अशा गतिरोधकाच्या मधोमध आली, तर चारही चाके उंचवट्यावरच असतात. पोटाखाली फक्त पाच सेंटिमीटर उंचवटा येतो. चढताना बंपरखाली सात-आठ सेंटिमीटर जागा लागते. म्हणजे ११-१२ सेंटिमीटर उंचीची स्पोर्ट्स कारसुद्धा नियमाच्या गतिरोधकावरून सावकाश निघून जाते.

अडचण येते ती गल्लीत कोणीतरी रातोरात घातलेल्या, हातभर रुंदीच्या उंचवट्याची. तो १० सेंटिमीटरचाच असला तरी पुढची चाके उतरलेली आणि मागची चढायची असताना पूर्ण १० सेंटिमीटर पोटाखाली येतो. त्यात चार माणसे बसलेली, गाडी ब्रेक मारून पुढे वाकलेली. मग चेंबर नाहीतर सायलेन्सर घासतो. चेंबर फुटून ऑइल गेले आणि इंजिन चालूच राहिले, तर स्प्रिंगच्या किमतीच्या अनेक पटींनी खर्च बसतो. म्हणून काम घेण्याआधी गिऱ्हाईक राहतो त्या गल्लीतला उंचवटा आणि सोसायटीच्या पार्किंगचा उतार यांची चौकशी करावी. टेपने मोजून आणायला सांगावे. गाडी किती खाली न्यायची, ते या मापावरून ठरवावे.

गाड्या बनवणारेही हाच विचार करतात. पुण्याच्या परिसरात बनलेली डीसी अवंती ही दोन आसनी स्पोर्ट्स कार दिसायला जमिनीलगत, पण तिचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर ठेवला होता, तो आपल्या रस्त्यांसाठीच. उलट फियाटने २०१५ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून आणलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो नेहमीच्या पुंटोपेक्षा खाली बसवलेली होती. मात्र कारखान्याने केवळ स्प्रिंग बदलून ती विकली नाही. तिच्या सस्पेन्शनची जुळणी वेगळी केली आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले. खाली बसवणे हे एकट्या स्प्रिंगचे काम नव्हे, याचा हा आपल्या जिल्ह्यातला दाखला आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

खासगी मोटारीच्या आरसी कार्डावर जमिनीपासूनच्या उंचीचा रकाना नसतो, म्हणून स्प्रिंग बदलायला पूर्ण मोकळीक आहे, असा समज बाजारात ऐकू येतो. या समजावर धंदा उभारू नये. कलम १८२-अ मध्ये बाहेरचे भाग बसवून केलेला बदलही धरलेला आहे. तेव्हा काम करण्यापूर्वी मालकाने संगम पुलाजवळच्या पुणे आरटीओत लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे, हे त्याला सांगणे आपले कर्तव्य आहे. अपघातानंतर न कळवलेला बदल सापडला, तर विमा कंपनी दावा अडवू शकते. नव्या गाडीची वॉरंटीही धोक्यात येते.

जर्मनीत या बाबतीत रस्ता आखून दिलेला आहे. स्प्रिंगसोबत परीक्षण अहवाल येतो. कोणत्या मॉडेलला, किती ॲक्सलभारापर्यंत ती चालते, हे त्यात लिहिलेले असते. बसवल्यावर तपासनीस गाडी पाहतो आणि मान्यता देतो. तो जर्मन कागद आपल्याकडे परवानगी म्हणून चालत नाही, पण आपल्या गाडीच्या मॉडेलला आणि वजनाला ती स्प्रिंग योग्य आहे का, हे पाहायला तो उपयोगी पडतो. तपासणीची विद्या आपल्या शहरातही आहे. १९६६ पासून पुण्यात असलेल्या एआरएआय संस्थेत कारखानदार आपली वाहने आणि सुटे भाग तपासून घेतात. एकेका गिऱ्हाइकाच्या बदललेल्या स्प्रिंगसाठी गॅरेजवाल्याला परवडेल अशी सोपी वाट आपल्याकडे तयार झाली, तर चोरटे काम कमी होईल आणि चांगल्या कारागिराला मान मिळेल.

काम हातात घेतल्यावर

पहिली गोष्ट मापाची. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवावी. जमिनीपासून मोजल्यास टायरमधली हवा माप बिघडवते.

दुसरी गोष्ट जिवाची. अडीच किलोची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली की तिच्यात २५० किलोचा जोर साठतो. कॉम्प्रेसरचे दोन्ही हात समोरासमोर, सारखे आवळलेले असावेत आणि स्प्रिंग बैठकीतून सुटी झाल्याशिवाय वरच्या नटाला पाना लावू नये. उमेदवार पोराला हे काम एकट्याने करू देऊ नये. तारेने किंवा दोराने बांधून स्प्रिंग काढण्याची जुनी खोड बंद झालीच पाहिजे.

तिसरी गोष्ट रबरी बुशांची. आर्मचे बोल्ट चाके लटकत असताना पक्के आवळले, तर गाडी खाली ठेवताच बूश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर ठेवावी आणि मगच टॉर्क पान्याने शेवटचा आवळ द्यावा.

चौथी गोष्ट नंतरच्या तपासण्यांची. गाडी खाली आली की चाकांचा कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. अलाइनमेंट केले नाही, तर टायर आतल्या बाजूने खात जातो. बाहेरून मात्र तो चांगला दिसतो, म्हणून गिऱ्हाइकाला कळतही नाही. एकदा लगेच आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर स्प्रिंग बैठकीत बसल्यावर पुन्हा, असे दोनदा अलाइनमेंट करावे. हेडलाइटची दिशा तपासावी. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर चाक पूर्ण वळवून कुठे ताणते-घासते का, ते पाहावे. ज्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक शॉकअप किंवा उंचीचे सेन्सर असतात, त्यांचे कॅलिब्रेशन करण्याचे साधन आपल्याकडे नसेल, तर ते काम अधिकृत वर्कशॉपकडे पाठवावे. कमीपणा त्यात काही नाही.

धंद्याचा हिशेब

या कामात पैसा स्प्रिंग विकण्यात फारसा नाही. गिऱ्हाईक किंमत मोबाइलवर पाहूनच येतो. पैसा आहे तो कसबात : बसवणे, बंप स्टॉपर आणि माउंटिंग बदलणे, दोन वेळचे अलाइनमेंट आणि तपासणी. हे सगळे एकच आकडा न सांगता बिलावर वेगवेगळे लिहावे. गिऱ्हाईक घासाघीस करू लागला, तर त्याला नेमके काय वगळायचे ते दाखवता येते आणि अलाइनमेंट वगळण्याची जबाबदारी त्याच्या सहीवर राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. त्यामुळे पक्क्या बिलाचा माल आणि बिनबिलाचा माल यांतली तफावत कमी झाली आहे. नाना पेठेतून भाग आणले तरी बिल घ्यावेच. स्प्रिंग तुटली, तर माल कुठून आला हे दाखवणारा तोच एक कागद हाती असतो.

गिऱ्हाइकाने आणलेली स्प्रिंग बसवताना तिच्यावर छापलेला क्रमांक गाडीच्या मॉडेलशी आणि इंजिनाशी जुळतो का, ते पाहून त्याची नोंद ठेवावी. काढलेल्या मूळ स्प्रिंगा त्याला परत द्याव्यात आणि जपून ठेवायला सांगावे. गाडी विकताना किंवा आरटीओने हरकत घेतल्यास त्या पुन्हा घालता येतात.

मालातला दोष सांगून माल विकणे हा व्यापाराचा जुना दंडक. इथे तो पाळायचा, तर काम सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला एका कागदावर लिहून द्यावे : गाडी किती मिलिमीटर खाली येईल, आधीपेक्षा हादरे जास्त बसतील, टायर लवकर झिजू शकतात, कायद्याची आणि विम्याची चौकशी त्याने करायची आहे. हे वाचून काही गिऱ्हाईक परत जातील. जाऊ द्यावेत. जे राहतील ते आपले काम जाणून घेतलेले असतील आणि सहा महिन्यांनी तक्रारीऐवजी आणखी एक गाडी घेऊन येतील. ज्याने ट्रकच्या कमानीत बोट घालून कुठला पाटा बसला हे ओळखले, त्या हाताला ही नवी विद्या अवघड नाही. टेप, टॉर्क पाना आणि बिलबुक एवढी तीन हत्यारे त्यात वाढवावीत, म्हणजे झाले.